'डूलॅली', 'नाइन यार्ड्स' आणि 'रिझ' : इंग्रजी बोलीतल्या शब्दांचा जन्म कुठे झाला?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. धागा काढायला निमित्त छोटंसंच आहे. माझा भाचा लीड्सला असतो. मागच्या रविवारी फोनवर सांगत होता, "मामा, शेजारच्या आजी अलीकडे जरा डूलॅली झाल्यात, त्यांची लेकच म्हणत होती." डूलॅली म्हणजे काय रे? तर म्हणाला, "डोकं थोडं ठिकाणावर नसणं. इथे सगळे सर्रास म्हणतात." मी म्हटलं, "अरे, ही तर आपली देवळाली!" त्याला वाटलं, मामा गंमत करतोय.

मी गंमत करत नव्हतो. माझी सगळी नोकरी रेल्वेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं इगतपुरी ते नाशिक रोड याच पट्ट्यात गेली. देवळाली स्टेशनच्या फलाटावर मी किती रात्री काढल्या असतील, त्याची गणती नाही. हा शब्द तिथे जन्मला हे मला निवृत्तीनंतर कळलं, याची आजही रुखरुख वाटते.

हकीकत अशी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई हिंदुस्थानभरातून इथे आणायचे आणि मुंबईहून बोटीने मायदेशी धाडायचे. पण फौजेच्या बोटी बारमाही नसत. हिवाळ्याच्या तोंडावर हंगाम सुरू व्हायचा, मार्चच्या सुमाराला आटपायचा. शेवटची बोट चुकली की पुढच्या हिवाळ्यापर्यंत मुक्काम देवळालीतच. कवायत नाही, पहारा नाही, हाताला काम नाही. आधी उन्हाळा, मग आपला तो चार महिन्यांचा पाऊस. हिवताप, दारू, मारामाऱ्या. घरी जायचं आहे हे ठाऊक आहे, पण कधी ते ठाऊक नाही. अशात काही जणांचं डोकं फिरायचं. त्याला शिपाई आपसात म्हणू लागले 'डूलॅली टॅप'. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत या प्रकाराबद्दल लिहिलं आहे.

यातलं 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. देवळालीचा ताप! पुढे 'ताप' गळून पडला आणि 'डूलॅली' तेवढं उरलं.

तर मला असे शब्द आणि वाक्प्रचार गोळा करायचे आहेत. आजच्या इंग्रजीत चालणारे हवेत, जुने-नवे दोन्ही चालतील. विनंती एकच, व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या गोष्टी जशाच्या तशा इथे आणू नका. पहिल्यांदा कुठे छापलं गेलं, कुठल्या साली, कोण लोक बोलत होते, यातलं काहीतरी हाताशी असू द्या.

ठाणेकर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

गावाच्या नावाला वेड चिकटणं आपल्याला नवीन नाही. "याला ठाण्याला पाठवा", "हा येरवड्याचा दिसतोय" ही वाक्यं ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. कॉलेजात गाव सांगितलं की समोरचा हमखास हसायचा. तिथल्या इस्पितळात माझे एक नातेवाईक दोन वर्षं होते, त्यामुळे मला ते हसू कधी आवडलं नाही. लंडनच्या 'बेडलॅम'चंही तेच झालं. ते बेथलेहेम नावाच्या इस्पितळाचं बोलीतलं रूप. संस्था १२४७ सालची, पुढे तिथे मनोरुग्ण ठेवू लागले आणि आता इंग्रजीत 'बेडलॅम' म्हणजे नुसता गोंधळ, कल्ला.

देवळालीचं वेगळेपण मला हे वाटतं, की तिथे आधी वेडे नव्हते. वाट बघायला लावून माणसं तशी झाली.

थेम्सतीर

मी तेवीस वर्षं लंडनमध्ये आहे. गोदाकाठ, तुमच्या भाच्याला सांगा, मामा बरोबर आहे. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा माझ्याही बाजूच्या टेबलवरच्या बाईंना खरं वाटलं नव्हतं. त्यांचे आजोबा फौजेत होते आणि 'डूलॅली' हा त्यांचाच शब्द होता, हे त्यांना नंतर आठवलं.

याच शिपायांच्या पडशीतून आलेले आणखी शब्द इथे रोज कानावर पडतात. 'हॅव अ डेको', म्हणजे जरा बघ, हे 'देखो'. 'कुशी जॉब', म्हणजे आरामाची नोकरी. मूळ फारसी-उर्दूतली 'खुशी'. 'पक्का' तर जसाच्या तसा. आणि सगळ्यांत हळवा शब्द 'ब्लायटी'. हा आपला 'विलायती'. पहिल्या महायुद्धात खंदकातले शिपाई 'ब्लायटी'ची जखम मिळावी म्हणून देव पाण्यात ठेवत. जीव जाऊ नये, हातपाय शाबूत राहावेत, पण घरी पाठवावंच लागेल एवढी जखम व्हावी. आपण 'विलायती चिंच' म्हणतो तेव्हा 'परकी, बाहेरून आलेली' असा अर्थ असतो. त्यांनी तोच शब्द उचलला आणि त्याचा अर्थ झाला 'माझं घर'.

शब्दवेडी

शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एक कबुली द्यायची आहे. मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले, की 'पॉश' हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आला. विलायतेहून मुंबईला येताना डाव्या बाजूच्या केबिनवर ऊन कमी, जाताना उजव्या बाजूला कमी. म्हणून श्रीमंत लोक 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' अशी तिकिटं काढत आणि त्यांवर चार आद्याक्षरांचा शिक्का असे. मुलांना ही गोष्ट फार आवडायची, मलाही. ती खरी आहे का?

थेम्सतीर

ताई, नाही. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. त्या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या कागदपत्रांतही त्याचा मागमूस नाही. 'पॉश' हा शब्द 'झकास, झोकदार' या अर्थाने १९१८ मध्ये 'पंच' साप्ताहिकात छापलेला दिसतो आणि तिकिटाची गोष्ट दिसते थेट १९३५ मध्ये. शब्द आधी, गोष्ट मागाहून.

त्याच्या पुष्कळ आधी, १८३० च्या सुमाराला, लंडनच्या चोरट्यांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी. हा रोमानी, म्हणजे तिथल्या भटक्या जिप्सी लोकांच्या भाषेतला शब्द. तिच्यात 'पॉश' म्हणजे अर्धा. त्या नाण्यापासून पैसा आणि पैशापासून थाटमाट, असा प्रवास झाला असावा असं बऱ्याच जाणकारांचं मत आहे. ते सिद्ध झालेलं नाही, पण तिकिटापेक्षा त्याला आधार नक्कीच जास्त आहे.

शब्दवेडी

मनापासून आभार. जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर आजच दुरुस्ती टाकते. (टाकली. दोघांनी लगेच विचारलं, "मग 'न्यूज' म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, तेही खोटं का?" होय, तेही खोटं. 'न्यू'चं साधं अनेकवचन आहे ते.)

रोमानीचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे आपला खरा संबंध आहे. ही भाषा मुळात आपल्याच, म्हणजे संस्कृत-प्राकृताच्या कुळातली. हजारेक वर्षांपूर्वी हे लोक भारतातून निघाले आणि हळूहळू युरोपभर पसरले. इंग्रजीतला 'पॅल', म्हणजे दोस्त, हा रोमानी 'फ्राल'वरून आला. फ्राल म्हणजे भाऊ, संस्कृत 'भ्रातृ'चा थेट वंशज. मुंबईत अनोळखी माणसाला "ओ भाऊ" म्हणतात आणि लंडनमध्ये "ऑल राइट, पॅल?" म्हणतात. दोन्हीकडे हाक एकच.

दुसरा शब्द 'चॅव'. इंग्लंडमध्ये गरीब वस्तीतल्या, भडक कपडे घालणाऱ्या तरुणांसाठी वापरायची हिणकस शिवी. २००४ मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. बहुतेक कोशकार तो रोमानी 'चावी' किंवा 'चावो'वरून आला असं मानतात. अर्थ, मूल, पोरगा. आपला 'छावा' त्याच घराण्यातला. यालाही मागाहून आद्याक्षरांची गोष्ट चिकटवली गेली, 'कौन्सिल हाउस अँड व्हायलंट' अशी. सरकारी चाळीत राहणारे आणि हिंसक! 'पॉश'ची गोष्ट खोटी असली तरी निरुपद्रवी होती. ही मात्र मला विषारी वाटते, कारण मुलाला मूल म्हणणाऱ्या शब्दावर तिने एका अख्ख्या वस्तीची बदनामी लादली.

अनुवादिका

शब्दवेडीताई, छावा आणि चॅव! आज दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल.

म्हणजे आद्याक्षरांची गोष्ट दिसली की संशय घ्यायचा, असा नियमच करायचा का?

इंडियानाकर

जुन्या शब्दांपुरता करायला हरकत नाही. विसाव्या शतकाच्या आधी अशा पद्धतीने शब्द घडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. पण त्या थोड्यांतलं एक जगातलं सगळ्यांत यशस्वी निघालं, ते म्हणजे 'ओके'.

बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत १८३८-३९ च्या सुमाराला एक खूळ आलं होतं. वाक्प्रचार मुद्दाम अशुद्ध लिहायचा आणि वर त्याची आद्याक्षरं घ्यायची. 'ऑल करेक्ट' हे 'ओ' आणि 'के'ने लिहिलं, की झालं ओके. 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'च्या २३ मार्च १८३९ च्या अंकात ते पहिल्यांदा सापडतं. त्या खुळातली बाकीची लघुरूपं वर्षा-दोन वर्षांत मेली. ओके वाचलं ते निवडणुकीमुळे. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक, म्हणून समर्थक त्यांना 'ओल्ड किंडरहुक' म्हणत आणि त्यांनी 'ओके क्लब' काढले. व्हॅन ब्यूरेन हरले, शब्द राहिला.

हे सगळं शोधून काढलं ॲलन वॉकर रीड या कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी, १९६० च्या दशकात. संगणक नव्हते, जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसून. त्यांच्या आधी डझनभर गोष्टी रूढ होत्या. कुणी चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द म्हणे, कुणी ग्रीक, कुणी बिस्किटाच्या खोक्यावरचा छाप. आपल्या पोरांच्या मोबाइलमधली लघुरूपं बघून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी ती १८३९ ची बॉस्टनची वर्तमानपत्रं एकदा डोळ्यांसमोर आणावीत.

पाटीपेन्सिल

माझा एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. आमच्या कंपनीतला अमेरिकन साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये 'द होल नाइन यार्ड्स' म्हणतो, म्हणजे 'अगदी सगळंच्या सगळं'. मला दर वेळी आजीची नऊवारी आठवते. नऊ वार अख्खं लुगडं! याचा नऊवारीशी काही संबंध असेल का?

इंडियानाकर

संबंध नाही, पण हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला आनंद झाला, कारण त्याचं उत्तर माझ्या राज्यात सापडलं. थोडं लांबण लावते.

या वाक्प्रचाराइतक्या गोष्टी क्वचितच कशाला चिकटल्या असतील. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या मशिनगनचा गोळ्यांचा पट्टा सत्तावीस फूट, म्हणजे नऊ वार. सगळा झाडून टाकला की 'होल नाइन यार्ड्स'. काँक्रीटच्या ट्रकची क्षमता नऊ घन वार. शिवणकामाचा तागा नऊ वार. अमेरिकन फुटबॉल, स्कॉटिश झगा, शिडाच्या जहाजाचे वासे. तुमची नऊवारी या रांगेत अगदी शोभली असती.

पुष्कळ वर्षं या शब्दप्रयोगाची सर्वांत जुनी छापील नोंद १९६० च्या दशकातली होती, त्यामुळे महायुद्धाची गोष्ट पटायची. मग जुनी वर्तमानपत्रं संगणकावर आली. बॉनी टेलर-ब्लेक या हौशी संशोधक आणि येल विद्यापीठातले फ्रेड शापिरो, अशा मंडळींनी चिकाटीने एकेक पायरी मागे जायला सुरुवात केली. १९५० चं दशक. मग १९२१. मग १९१२. आणि शेवटी १९०७, इंडियानातल्या मिचेल नावाच्या छोट्या गावचं वर्तमानपत्र. एका बेसबॉल सामन्याच्या बातमीत 'फुल नाइन यार्ड्स'. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३ चं. विमानाला मशिनगन लागायला अजून अवकाश होता. पट्ट्याची गोष्ट तिथेच संपली.

पण खरी मौज १९१२ आणि १९२१ च्या नोंदींत आहे. केंटकी आणि साउथ कॅरोलायनातल्या त्या नोंदींत वार नऊ नाहीत, सहा आहेत. 'द होल सिक्स यार्ड्स'! म्हणजे त्या भागात सहावारी आणि नऊवारी दोन्ही शेजारी-शेजारी नांदत होत्या. आता विचार करा. आकडा जर एखाद्या खऱ्या वस्तूच्या मापाचा असता, तर तो असा बदलला असता का? बोलणाऱ्यांना फक्त 'लांबच लांब, सगळं' एवढंच सांगायचं होतं. आपण 'छप्पन्न वेळा सांगितलं' म्हणतो तेव्हा कुणी मोजलेलं नसतं.

पाटीपेन्सिल

सहावारी आणि नऊवारी शेजारी-शेजारी... हे मी आजीला सांगणार. ती ब्याण्णव वर्षांची आहे आणि अजून नऊवारीच नेसते. खूप आभार.

ठाणेकर

'बॉम्बे डक'चंही, म्हणजे इंग्रजीतल्या बोंबलाच्या नावाचंही, असंच झालंय. मुंबईच्या टपाल गाडीत, म्हणजे 'बॉम्बे डाक'मध्ये, सुक्या बोंबलांचा वास भरायचा म्हणून ते नाव पडलं, अशी गोष्ट अजूनही लेखांतून येते. पण बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, आणि इंग्रजी पुस्तकांत 'बॉम्बे डक' त्याच्या कितीतरी आधीपासून सापडतो. त्या माशाचं इंग्रजी नाव 'बमेलो', ते मात्र बहुधा आपल्या 'बोंबील'वरून गेलं. आणि 'मुंगूस' तर इंग्रजीत मराठीतूनच गेला, हे कोशांत लिहिलेलं आहे.

अनुवादिका

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते, म्हणून दोन शब्द मांडते. दोन्ही माझ्या रोजच्या कामातले.

पहिला 'डेडलाइन'. आपण सहज 'मुदत' लिहितो आणि पुढे जातो. हा शब्द अमेरिकी यादवी युद्धातल्या तुरुंगातून आला. जॉर्जियातली अँडरसनव्हिल छावणी, १८६४. लाकडी ओंडक्यांच्या कुंपणाच्या आत काही फुटांवर हलकासा कठडा घातलेला असे. कैद्याने तो ओलांडला, नुसता हात जरी पलीकडे गेला, तरी मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याने विचारपूस न करता गोळी घालायची. ती 'डेड लाइन'. चौदा महिन्यांत तिथे सुमारे ४५,००० कैदी आले आणि जवळजवळ १३,००० मेले; बहुतेक उपासमारीने, हगवणीने, स्कर्व्हीने. छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत तोच शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी वापरात आला. हे वाचल्यापासून 'डेडलाइन पाळता आली नाही' असं कुणी सहज म्हटलं, की मला तो कठडा दिसतो.

दुसरा शब्द अजून माझ्या पोटात आहे, सुटलेला नाही. 'गॅसलायटिंग'. गेल्या वर्षी कौटुंबिक हिंसाचारावरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करायचं होतं. लंडनमध्ये १९३८ साली पॅट्रिक हॅमिल्टनचं नाटक आलं, त्यावर १९४४ मध्ये इन्ग्रिड बर्गमनचा चित्रपट निघाला. शब्द त्यावरून आला. नवरा वरच्या बंद मजल्यावर लपून दागिने शोधतो, त्यासाठी तिथला गॅसचा दिवा लावतो, त्यामुळे खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंद होतो. ती विचारते, दिवा मंद का झाला? तो सांगतो, झालेलाच नाही, तुलाच भास होतात. असं रोज. शेवटी ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडते. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०२२ चा शब्द म्हणून हाच निवडला.

मराठीत काय म्हणायचं? मी 'दिशाभूल' लिहिलं होतं, समाधान झालं नाही.

गोदाकाठ

'वेड्यात काढणं' चालेल का?

अनुवादिका

अगदी जवळ जातं, पण 'वेड्यात काढणं' चारचौघांत होतं. ज्याला वेड्यात काढलं, त्याला स्वतःला माहीत असतं की आपण शहाणे आहोत. गॅसलायटिंगमध्ये त्या बाईलाच खात्री वाटू लागते की आपलं डोकं फिरलंय. 'डोळ्यांत धूळ फेकणं'ही नाही, कारण तिथे फसणाऱ्याला आपल्या डोळ्यांबद्दल शंका येत नाही.

शब्दवेडी

माझी आई एका नात्यातल्या बाईबद्दल म्हणायची, "तिच्या नवऱ्याने तिला तिच्याच मनातून उतरवलं." मला तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, आई हेच सांगत होती.

अनुवादिका

ताई, हे वाक्य मी वापरू का? 'तिला तिच्याच मनातून उतरवणं.' पत्रकाची दुसरी आवृत्ती निघतेय.

शब्दवेडी

जरूर वापरा. तिला आवडलं असतं.

पाटीपेन्सिल

सगळे जुन्या शब्दांत रमले आहेत, पण माझी अडचण ताजी आहे. मुलगा आठवीत आहे. 'रिझ', 'नो कॅप', 'गोट', 'स्टॅन', 'सिक्स-सेव्हन'. मला त्याच्याशी बोलायचंय आणि अर्धं कळत नाही. कुणी सांगाल का?

झेड_अक्षर

मी एकोणीस वर्षांचा आहे, मी सांगतो काकू.

रिझ म्हणजे समोरच्याला बोलण्यात गुंगवून टाकायची हातोटी. 'करिझ्मा' या शब्दाचा मधला तुकडा. काय सेनॅट नावाच्या अमेरिकन स्ट्रीमरमुळे, म्हणजे इंटरनेटवर थेट व्हिडिओ दाखवणाऱ्यामुळे, तो पसरला आणि ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडला. दोन्ही टोकं कापून मधलं ठेवणं इंग्रजीत जुनंच आहे. 'इन्फ्लुएन्झा'चा 'फ्लू' आणि 'रेफ्रिजरेटर'चा 'फ्रिज' असेच झाले.

स्टॅन म्हणजे वेडा चाहता. एमिनेमच्या २००० सालच्या गाण्यातल्या एका चाहत्याचं हे नाव. त्या गाण्यात त्याचा शेवट भयंकर होतो, पण आता लोक आनंदाने "मी तिचा स्टॅन आहे" म्हणतात.

सिक्स-सेव्हनला अर्थ नाही, खरंच नाही. स्क्रिला नावाच्या रॅपरच्या गाण्यातले आकडे आहेत. बास्केटबॉलच्या व्हिडिओंमुळे ते पसरले. डिक्शनरी डॉट कॉमने तोच २०२५ चा शब्द निवडला. त्याने म्हटलं की तुम्ही दोन्ही हात तराजूसारखे वरखाली करा, तो खूश होईल.

गोट म्हणजे 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'ची आद्याक्षरं. हे मात्र खरं आहे, वरच्या नियमाला नव्या जमान्यातला अपवाद. मुहम्मद अली स्वतःला 'द ग्रेटेस्ट' म्हणायचे. त्यांच्या पत्नी लॉनी अली यांनी १९९२ मध्ये 'जी.ओ.ए.टी.' या नावाने कंपनी नोंदवली. एलएल कूल जेचा याच नावाचा अल्बम २००० मध्ये आला. त्याआधी अमेरिकन खेळांत 'गोट' म्हणजे ज्याच्या चुकीमुळे सामना गेला तो, आपला बळीचा बकरा. एका पिढीत शिवीचा मुकुट झाला.

नो कॅप म्हणजे खोटं नाही, शपथ. अटलांटाच्या रॅप गायकांनी तो सगळीकडे नेला.

आता मला स्वतःला एक सांगायचंय. हे सगळे 'जेन झी'चे शब्द म्हणून लेख येतात, ते मला पटत नाहीत. यातले बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांच्या बोलीतले आहेत, काही तर माझ्या आजोबांच्या जन्माआधीपासूनचे. आम्ही ते इन्स्टाग्रामवरून उचलले, एवढंच. सगळ्यांत वाईट झालं ते 'वोक'चं. १९३१ मध्ये अलाबामात नऊ काळ्या मुलांना रेल्वेत दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याच्या खोट्या आरोपाखाली पकडलं. त्यांना 'स्कॉट्सबरो बॉइज' म्हणतात. गोऱ्या ज्युरीने त्यांतल्या आठ जणांना फाशीची शिक्षा फर्मावली होती. ती अंमलात आली नाही, पण त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. लेड बेली या गायकाने त्यांच्यावर गाणं केलं. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गाणं संपल्यावर तो आपल्या माणसांना सांगतो, तिकडून जाताना जपून राहा, जागे राहा. तिथे त्याने 'स्टे वोक' म्हटलंय. ते ऐकताना अंगावर काटा येतो. झोप लागली तर जीव जाईल, इतका साधा अर्थ होता. १९६२ मध्ये विल्यम मेल्विन केली या लेखकाने न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात याच शब्दाचं शीर्षक देऊन लिहिलं होतं, की हार्लेममधले, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले, शब्द गोरे लोक उचलतात आणि मग तिथल्या लोकांना नवे शब्द घडवावे लागतात. आज 'वोक' टिंगल करायला वापरतात, आपल्या मराठी चॅनेलवरसुद्धा. वापरणाऱ्यांना त्या नऊ मुलांची नावं सोडा, आकडाही माहीत नसतो.

शब्दवेडी

बाळा, एकतीस वर्षं शिकवून मला हे ठाऊक नव्हतं. ते ध्वनिमुद्रण शोधून आज ऐकलं. दोनदा.

थेम्सतीर

झेड, फार चांगलं लिहिलंस. 'ब्रेन रॉट'ही यातच घ्यायला हवा. २०२४ चा ऑक्सफर्डचा शब्द, मोबाइलवर निरर्थक व्हिडिओ बघून डोकं सडणं. त्याची सर्वांत जुनी नोंद थोरोच्या 'वॉल्डन'मध्ये, १८५४ ची! ज्याच्या लेखनाचा गांधीजींवर प्रभाव पडला, तोच हा थोरो. इंग्लंड बटाट्याच्या कुजीवर उपाय शोधतंय, मेंदूच्या कुजीवर कोण शोधणार, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. आयर्लंडमध्ये त्या कुजीमुळे पडलेला दुष्काळ तेव्हा अगदी ताजा होता.

पाटीपेन्सिल

काल जेवताना मुलाला 'रिझ'ची आणि 'फ्रिज'ची गोष्ट सांगितली. तो जेवायचा थांबला. मग त्याने विचारलं, "'बग'चं काय गं?" मी म्हटलं, विचारून सांगते. शाळेत त्यांना सांगितलंय की संगणकात पतंग सापडला म्हणून.

इंडियानाकर

पतंग खरा आहे. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क टू संगणक. ग्रेस हॉपर ज्या गटात काम करत होत्या, त्या गटाने तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती नोंदवही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. पण शेजारी लिहिलेलं वाक्य नीट वाचायला सांगा. 'खराखुरा बग सापडल्याचा पहिला प्रसंग', अशा अर्थाचं आहे. म्हणजे बिघाडाला 'बग' म्हणायची रीत त्यांना आधीच माहीत होती, म्हणून तर त्यांना हसू आलं. एडिसनने १८७८ मध्येच एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरलाय.

गोदाकाठ

मंडळी, एवढी भर पडेल असं वाटलं नव्हतं. सगळं मुलीकडून छापून घेतलंय, कागद हातात असला की मला बरं पडतं.

भाच्याचा परवा फोन आला. त्याने शेजारच्या आजींच्या लेकीला देवळालीची गोष्ट सांगितली. तिने ती आईला सांगितली. आजींना हल्ली नावं आठवत नाहीत, पण हे ऐकून त्या एकदम म्हणाल्या, की त्यांचे वडील हिंदुस्थानात होते आणि घरी कुणी फार वेळ वाट बघायला लावली की तेही हाच शब्द काढायचे. लेकीला हे माहीतच नव्हतं. तिने विचारलंय, स्टेशनच्या पाटीचा फोटो मिळेल का?

आज सकाळच्या पॅसेंजरने गेलो. पाटीवर तिन्ही भाषांत नाव आहे. सातच्या सुमाराला ऊन पाटीवर छान पडतं, हे नोकरीतलं आठवत होतं, म्हणून तीच वेळ धरली. फोटो पाठवलाय. सोबत आवाजात नावही म्हणून पाठवलं, दे-व-ळा-ली, हळूहळू, कारण त्यांच्याकडे 'ळ' नाही. भाचा म्हणाला, आजींनी तो आवाज तीन वेळा लावायला सांगितला आणि प्रत्येक वेळी मागोमाग म्हणून बघितलं.